पाय दुखतोय म्हणली

— उलटा धरलास की बे! हा फोटू पाठीमागून काढलेला हाय, खाली कोपऱ्यात लिव्हलंय बघ — म्हंजी ह्याच्यात तुझ्या डाव्या हाताला दिसतो तो आईचा डावा पाय, आन हा दुसरा समोरून काढलेला, ह्याच्यात डावा पाय उजव्या हाताला येतो. कोणता दुखतो वहिनीचा, तुझ्या आईचा? डावा. ठावं हाय मला, फोनवर सांगितलंस. दाराकडं तोंड करून धर, उजेड येऊ दे — हां. दिसला डाग? दिसणारच, एवढा मोठा काळा डाग, कुणाला बी दिसंल. आन हाच डाग बघून तुझ्या डॉक्टरनं सोमवारी गुडघा परत उघडायचा म्हणलंय. व्हय ना? व्हय. म्हणून तर म्हणलं, म्हाळू, आदी आईला घिऊन चकलांब्याला ये, फोनवर असली गोष्ट व्हत न्हाई. माजलगावहून जीप करून आलास ते बरं केलंस. वहिनीला बसू दे आत माज्या बायकूपाशी, मुक्तापाशी, दोघींची जुनी वळख हाय, कारखान्याच्या कॉलनीत एका नळावर पाणी भरलंय दोघींनी. आपण हिथं वसरीत बसून मोकळं बोलू. बायकांना ह्यातलं काय कळतंय.

पाणी पी आदी. पी की, टँकरचं हाय पण गाळून घेतलंय. तुझा बाप सटवा कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर हुता तवा माज्या लॅबमदी येऊन रोज तांब्याभर पाणी प्यायचा, म्हणायचा, निवृत्ती, तुझ्या लॅबचं पाणी गोड लागतंय — आता साखर कारखान्याच्या लॅबमदी सगळंच गोड. ते जाऊ दे. औंदा बी गाळप न्हाई म्हणतेत. धरणात न्हाई तर उसात कुठून येणार? न्हाई येणार. मी काय सांगायलो — हां, डाग. तुला वाटायलंय, डाग हाय म्हंजी तिथं बिघाड हाय. मला बी तसंच वाटलतं. पण आता गेवराई तालुक्यात कुणाचा बी बदललेला गुडघा दुखायला लागला की लोक म्हणतेत, निवृत्ती तात्याला इचारा, त्याला सगळं ठावं हाय. ठावं हाय म्हंजी काय, मी काय डॉक्टर हाय का? न्हाई. भोगलंय, म्हणून ठावं हाय.

नीट आयक. एक्स-रेमदी किरणं भाईरून आत जातेत, हाडाची सावली पडती, खलास. ह्या हाडाच्या स्कॅनमदी उलटं हाय — नसातून औषध सोडतेत, थोडी किरणं सोडणारं औषध असतंय ते, आन जिथं हाड झिजायलंय, भरायलंय, धडपडायलंय, तिथं ते औषध जाऊन बसतंय. मंग वर कॅमेरा ठिवून आतून भाईर येणारी किरणं टिपतेत. म्हंजी हाडाचा आकार न्हाई दिसत, हाडाची खळबळ दिसती. पण खळबळ कशाची? सांधा ढिला झाला म्हणून? आत पू झाला म्हणून? का नवीन सांध्याशी हाड अजून जमवून घ्यायलंय म्हणून? ते तो न्हाई सांगत. किती वर्सं झाली वहिनीच्या सांध्याला — तीन. अरे, वरीस-दीड वरीस तर चांगल्या सांध्याच्या भवताली बी काळं दिसतंय, कुणाकुणाचं त्याच्याहून जास्त दिवस. हा स्कॅन म्हंजी दारातलं कुत्रं भुंकलं — कुणीतरी आलंय एवढं कळलं, चोर आलाय का पावणा ते उठून बघावं लागतंय. तुझा डॉक्टर उठला का बघायला? न्हाई उठला. थेट सोमवार दिला.

रिपोर्टात खाली काय सुचिवलंय ते वाच. वाच की — ऱ्हाऊ दे, मीच वाचतो. पहिला, पांढऱ्या पेशींचा स्कॅन. हातातून चांगलं मोठं इंजेक्शन भरून रक्त काढतेत, त्यातल्या पांढऱ्या पेशी येगळ्या करतेत, त्यांना खूण लावतेत आन परत नसात सोडतेत. जिथं जंतू असतेल तिथं त्या पळत जातेत, म्हंजी पू हाय का न्हाई ते हुडकायचं तर हा चांगला. पण ते काम सगळीकडं व्हत न्हाई, लांब जावं लागतंय, दुसऱ्या दिवशी परत फोटू काढतेत, मुक्काम पडतो. आन पू नसून सांधा निस्ता ढिला असंल तर हा गप. दुसरा — हसू नको — साखरंचा. खरंच साखरंचा! किरणं सोडणारी साखर टोचतेत, आन जी पेशी भुकेजलेली ती साखर वढून घेती. तो लई करून क्यान्सरला वापरतेत. मुक्ताच्या टायमाला एकानं मला तो बी सुचिवलता, तवा मी कपाळावर हात मारला — एकतीस वर्सं रसातली साखर मोजली, आता रिटायर होऊन बायकूच्या गुडघ्यातली मोजू का? पण ती साखर बी फसवती बरं. निस्ती सूज असली तरी जाऊन बसती आन पू असला तरी जाऊन बसती, तिला दोन्ही सारखंच. त्यात वहिनीला शुगर हाय ना? हाय. मंग तर लई भानगड.

तिसरा मातर ध्यानात ठिव — फिरत्या कॅमेऱ्याचा. स्पेक्ट-सीटी म्हणतेत. औषध तेच, पण कॅमेरा पायाच्या भवती फिरतो, संगं सीटी काढतेत, आन दोन्ही चित्रं एकावर एक बसिवतेत. तुझ्या ह्या साध्या फोटूत पुढचं-मागचं सगळं एकात एक दाबलं गेलंय. हा डाग वाटीत हाय का वाटीच्या मागं, हाडात हाय का हाडाच्या भाईर — सांग बरं? न्हाई सांगता येत. फिरत्यात सांगता येतंय, बोट ठिवून. म्हणून म्हणतो, सोमवार सोड, आदी तो कर. आन वहिनीचा बाजूनं काढलेला फोटू कुटं हाय? पाकिटात न्हाई? नीट बघ. न्हाई. म्हंजी काढलाच न्हाई! समोरून काढला, मागून काढला, बाजूनं काढायला ह्यांचं काय जात हुतं? डोकं फिरतंय बे माजं असलं काय बघितलं की.

तू म्हणशील, तात्या, तुमी कावून एवढे तापता. सांगतो. मुक्ताचा गुडघा बारा साली बदलला, उजवा. ते बरोबरच हुतं, हाडाला हाड घासायचं, जिना सोड, उंबरा वलांडता येत न्हवता तिला. बदलला आन तीन वर्सं अशी चालली की मलाच म्हणायची, जरा उचला की पाय. मंग एक दिवस — मी जेवायला बसलतो, ती भाकरी वाढायला आली आन चुलीपाशीच थांबली. म्हणली, पाय दुखतोय. मी म्हणलं, दुखतोय तर दाखवून आणू. आपण काय हयगय करणारी माणसं न्हाई. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, काही न्हाई. सर्जन म्हणला, सांधा ढिला झाला असंल तर एक्स-रेत दिसायला टाईम लागतो, हाडाचा स्कॅन करू. मी म्हणलं करू.

सोळा सालचा एप्रिल. ध्यानात हाय का ते साल? लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. आपल्याकडं आठ दिवसाला टँकर, धरणाच्या बुडाला भेगा पडलेल्या. पहिल्या यष्टीनं औरंगाबादला गेलो. अकराला औषध टोचलं, म्हणले तीन घंटे थांबा, दोन लिटर पाणी पाजा, सारखी लघवी करवा, औषध लघवीवाटं भाईर पडतंय, जितकं भाईर पडंल तितका फोटू साफ येतो. दोन लिटर! तिथल्या नळावर फडकं बांधलेलं, पाणी न्हाई म्हणून पाटी. आमच्यापाशी घरून आणलेली एक बाटली. इकत बी मिळालं असतं खाली जाऊन, न्हाई कसं मिळणार, पण म्हणलं कुटं उतरू परत, तिला एकलीला सोडून. मी म्हणलं, मुक्ता, बेतानं पी. सारखं उठावं लागंल, संडास पार टोकाला, तो बी खाली बसायचा, तुला बसता येत न्हाई. म्हणलं ते तिच्या भल्याचंच ना? भल्याचंच. ती घोट-घोट पेली.

फोटू आला तर उजव्या गुडघ्याला आतल्या बाजूनं डाग. असा काळाभोर! मला तर बरं वाटलं बघ — खोटं कावून बोलू. वरीसभर दुखतंय, दुखतंय, आन कुणाला काही दिसंना, आन एकदाचं दिसलं. हिथं हाय चोर. सर्जननं फोटू फिरवून फिरवून बघितला, म्हणला, काका, डाग जरा विचित्र जागी हाय, फिरत्या कॅमेऱ्याचा स्कॅन करून खात्री करू, मग ठरवू. तर मी म्हणलं — काय बघतोस? व्हय, मी म्हणलं. म्हणलं, साहेब, डाग दिसायलाय न्हवं डोळ्यानं? मंग आनखी कशाला हेलपाटे? ह्या उन्हात, ह्या पायानं, गावात पाणी न्हाई, हिला कितीदा यष्टीत चढवू? उघडा म्हणलं. लई मागं लागलो त्याच्या. तो बी माणूसच हाय, कटाळला असंल. जूनमदी उघडला.

भाईर आला तवा टोपी हातात हुती त्याच्या. म्हणला, काका, सांधा घट्ट होता, हातोडीनं काढावा लागला. पू न्हवता. नमुने लॅबला पाठिवले, आठ दिवसांनी आलं — जंतू न्हाई. म्हंजी चांगला सांधा काढला आन दुसरा बसिवला. आन दुखणं? तसंच. वर हे झालं की गुडघा आता एवढाच वाकतो — बघ, माज्या हाताकडं बघ — एवढाच. खाली बसता येत न्हाई तिला. सुभद्राच्या, आमच्या लेकीच्या, पोराचं बारसं झालं, सगळ्या बायका पाळण्याभवती खाली बसल्या, पाळणा म्हणायला लागल्या, आन पोराची आज्जी दारात खुर्चीवर, तहसीलदारीण आल्यागत. घरात पाळणा मुक्ताच म्हणायची सगळ्यांचा, तिचा आवाज हुता. त्या दिवशी तोंड उघडलं न्हाई. मला राग आला तिचा. खुर्चीवर बसून म्हणता येत न्हाई का? म्हणता येतंय की.

ही आत्ताची गोष्ट, गेल्या थंडीतली. सुभद्रानं दुसरी डॉक्टर हुडकली, बाई डॉक्टर. मी तिच्या म्होरं बसलो, फाईल उघडली, सांगायला लागलो — उजवा गुडघा, दोन डाव आपरेशन, पहिलं बारा साली — तर ती म्हणती, काका, तुम्ही जरा बाहेर बसा. मला! फाईल माज्या हातात, तारखा माज्या तोंडात, रिपोर्टातला शब्द न् शब्द पाठ, आन मलाच भाईर? बसलो. अर्धा घंटा बाकड्यावर बसलो. मंग आतून मुक्ता वरडली. कळवळून वरडली. मी उठलो तर सुभद्रानं हात धरला माजा, म्हणली, बसा आण्णा. लेक माजी, मला म्हणती बसा.

काय केलतं म्हाईती हाय का त्या बाईनं? गुडघ्याला हात बी लावला न्हाई. निस्तं इचारलं, मावशी, कुठं दुखतं, बोलू नका, हात ठेवून दाखवा. आन मुक्तानं हात ठिवला जांघेत. मांडीच्या मुळाशी. मंग डॉक्टरनं पाय धरून आत-भाईर फिरिवला, तवा ती वरडली. खुबा गेलाय, म्हणली. खुब्याची कळ मांडीतून उतरती आन गुडघ्यात जाऊन बसती, लई जणांचं असं व्हतं. फिरत्या कॅमेऱ्याचा स्कॅन केला — गुडघ्यात आपरेशनचा थोडा धुरळा, बाकी थंड. आन खुबा लालभडक. सोळा सालच्या रिपोर्टात बी शेवटच्या वळीत लिव्हलेलं हुतं, खुब्यातही थोडं दिसतं, वयोमानानुसार असावं. मी ती वळ वाचलती. एकदा न्हाई, धा डाव वाचलती. पण डाग गुडघ्यात हुता न्हवं!

घरी आलो आन मी कावलो तिच्यावर. म्हणलं, चार वर्सं झाली, कावून सांगितलं न्हाईस? तर ती काय म्हणली? सांगितलं की, म्हणली. पाय दुखतोय म्हणलं. झालं! आता आपल्यात पाय म्हंजी काय — खुब्यापासनं अंगठ्यापर्यंत सगळा पायच. जांघ म्हणून बाईमाणूस कुटं बोलतंय चारचौघात, ते बी पुरुष डॉक्टरम्होरं? न्हाई बोलत. ती पाय म्हणली. डॉक्टरनं इचारलं, कुठं दुखतं मावशी, तर ती माज्याकडं बघितली. आन मी म्हणलं — गुडघा. मला वाटलं तेच म्हणायचं असंल तिला. गुडघा बदललेला, मंग दुसरं काय दुखणार?

मंग तो डाग कशाचा, म्हणतोस? थांब की, तेच सांगायलो. त्या फिरत्या स्कॅनच्या वक्ताला मशीनवर एक पोरगी हुती, तिशीतली. तिनं आदी मुक्ताला आत नेलं, बाईच्या हातानं पाय पुसून घेतले, लुगडं सोडून दवाखान्याचा झगा घातला, मंगच मशीनखाली घेतलं. मी जुने फोटू बी नेलते. तिनं बाजूनं काढलेला फोटू उजेडाला धरला आन म्हणली, हा डाग तर हाडात नाहीच. हाडाच्या बाहेर आहे, वर, कातडीवर. मंग ती माज्याकडं वळली न्हाई, मुक्ताकडं वळली, आन हळू आवाजात इचारलं, मावशी, त्या दिवशी लघवी करताना कपड्याला लागली होती का? आन मुक्तानं सांगितलं. दोन मिनिटात. अनोळखी पोरीला. खाली बसता आलं न्हाई म्हणून उभ्यानंच केली, पाय वला झाला, लुगडं वलं झालं गुडघ्यापाशी, धुवायला नळाला पाणी न्हाई, तसंच पिळलं आन वाऱ्यावर सुकिवलं. लुगडं सुकलं, पण औषध काय सुकतंय? ते तिथंच बसलं गुडघ्याच्या आतल्या अंगाला, आन कॅमेऱ्यानं टिपलं. एवढंच. मुताचा डाग हुता बे तो. मुताच्या डागासाठी गुडघा फोडला माज्या बायकूचा.

आता मला सांग, तिनं सांगायचं न्हाई का त्या दिवशी? सांगायचं की! सोळा सालच्या त्या मशीनवाल्यानं इचारलं हुतं दारातच — लघवी करून आलात का, कपडे ओले वगैरे झाले नाहीत ना? सरळ इचारलं हुतं. तर —

तर मी म्हणलं, झालं, झालं, सगळं यवस्थित झालं, घ्या लवकर, आमची चारची यष्टी हाय.

अशानं काय बघतोस माज्याकडं? तू न्हाई बोलत का आईच्या वतीनं? आत्ता बोललास की, तीन वर्सं झाली म्हणून. आरं, मी कोण? लॅबवाला मी! एकदा उसाच्या एका गाडीच्या रसातल्या साखरंचा आकडा असा चढून आला की चेअरमनचा माणूस पेढे घिऊन यायचाच बाकी, म्हणतो काय ऊस हाय. मी म्हणलं थांबा, आदी नमुन्याची बाटली बघू. बाटलीच्या बुडाला कालचा पाक चिकटलेला. त्या दिवसापासनं लॅबमदी कुणी बी आकडा आणला की माजा पहिला सवाल — बाटली धुतली का? रिटायर होईस्तोवर हाच सवाल. पोरं मला मागून बाटली म्हणायची. आन तिथं, स्वतःच्या बायकूच्या येळंला, बाजूचा फोटू माज्या पाकिटात तीन वर्सं पडून, डाग हाडाच्या भाईर, डोळ्यानं दिसायलाय — आन मी बाटली न्हाई बघितली. फोटू बघितला. रोज उजेडाला धरून फोटू बघितला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखिवला, आन जिचा पाय हाय ती हिथं चार हातावर भाकऱ्या थापायली. लाज वाटती मला. खरंच वाटती.

तर तुला काय सांगायचं — वहिनीचा हा डाग खरा बी असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. सांधा ढिला बी झाला असंल, आन मंग उघडावाच लागंल. पण सोमवारच्या आदी तिला इचार, कुठं दुखतं. तोंडानं न्हाई, हात ठिवून दाखव म्हणायचं. त्या दिवशी कपडे बदलले हुते का, कुठं वलं लागलं हुतं का, हे इचार. तुला न्हाई सांगणार, पोराला कशी सांगंल, तर तुझ्या बायकूला इचारायला लाव. आन तिथं तू बसायचं न्हाई. उठून भाईर जायचं. — काय? आईला काय कळतंय म्हणतोस? बे, तिचा पाय हाय तो! तुला कळतंय का? मला कळलं का? एवढे स्कॅन पाठ हायेत मला, हा पू दावतो, तो ढिलाई दावतो, हा पुढचा-मागचा उलगडून दावतो — ह्यातला एक तरी इचारतो का, बाई, कुठं दुखतंय? न्हाई इचारत. ते माणसानं इचारायचं असतं.

मुक्ताचं काय आता? खुबा बदलायचा म्हणतेत. करायचाच हाय, मी डॉक्टरला सांगून टाकलंय, दिवाळीच्या आत करू. मुक्ता काय म्हणती? ती काय म्हणणार — म्हणत न्हाई काही. इचारलं की उठून भांडी आवरायला लागती. पण तिचं व्हयच हाय. मला कळतंय न्हवं, चाळीस वर्सं झाली लग्नाला. आपली बाई गप ऱ्हायली म्हंजी व्हय.

थांब, उठू नको. आत काय चाललंय? वहिनी रडायली का? न्हाई, हसायली. दोघी हसायल्या. मुक्ताचा आवाज हाय हा — एवढं बोलती ही? घरात दिवसभरात धा शब्द न्हाईत तिचे, आन आता बघ कशी — गप बस जरा, आयकू दे. वहिनी इचारायली, खुबा करणार का म्हणून. मी सांगतो ना, करणारच हाय — श्श. करायचाय म्हणली. आयकलंस? करायचाय म्हणली! मी काय म्हणलं तुला, तिचं व्हयच —

काय म्हणली फुडं? तुला आयकू आलं का? मला न्हाई आलं नीट. आलं. सुभद्राला संगं घिऊन जाणार म्हणली. तारीख बी मायलेकींनी धरलीय. ह्यांना सांगितलं न्हाई अजून, म्हणली. ह्यांना संगं न्यायचंच न्हाई मला.

म्हाळू, ते फोटू घाल पाकिटात. घाल. आन जा आत, आईपाशी बस जा. न्हाई, मी न्हाई येत. तू जा. सोमवारचं आता मला काय इचारतोस, तिला इचार जा.